केंब्रिजच्या अर्जात शिक्षकाच्या हातात नेमकं काय असतं?

पत्र: मी नाशिक जिल्ह्यातल्या एका सीबीएसई शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. यंदा बारावीत गेलेल्या दोघांना ब्रिटनमध्ये शिकायचं आहे. मुलीला केंब्रिजला इंजिनिअरिंग, मुलाला एलएसईला (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) अर्थशास्त्र. आमच्या शाळेतून आजवर कुणीच असा अर्ज केलेला नाही. मुलीच्या वडिलांची द्राक्षबाग आहे आणि ती जेईईचीही तयारी करते. तिची फाइल जाडजूड आहे: भरतनाट्यम, स्काउट-गाइड, वक्तृत्व, सात-आठ ऑनलाइन कोर्स, आणि विज्ञान प्रदर्शनातला ठिबक सिंचनावरचा एक प्रकल्प. एका सल्लागारानं निबंध लिहून देण्यापासून मुलाखतीच्या तयारीपर्यंत सगळ्याचे साडेतीन लाख सांगितले आहेत. पालक म्हणतात, ‘मॅडम, तुम्हीच सांगा.’ शिफारसपत्र मीच लिहायचं आणि बारावीचे अंदाजित गुणही मीच द्यायचे, एवढं कळलं आहे. जून संपत आला. काय करायचं, कधी करायचं?

उत्तर: मॅडम, साडेतीन लाख देऊ नका, हे पालकांना आधी सांगा. या अर्जातल्या सर्वांत वजनदार गोष्टी म्हणजे अंदाजित गुण आणि शिफारसपत्र. त्या शाळेकडूनच जातात, दुसरं कुणी लिहूच शकत नाही. निबंध दुसऱ्यानं लिहिला तर दोन ठिकाणी अडकतो. यूकास, म्हणजे ब्रिटनमधली सामायिक अर्जव्यवस्था, प्रत्येक निबंध आधीच्या निबंधांशी ताडून पाहते. एकाच कार्यालयातून निघालेले निबंध एकमेकांसारखे असतात, त्यामुळे ते सापडतात. त्यातून सुटला तरी डिसेंबरच्या मुलाखतीत त्यातल्याच एखाद्या वाक्यावर प्रश्न येतो, आणि ते वाक्य मुलीचं नसलं तर दुसऱ्याच मिनिटाला लक्षात येतं.

आता त्या फाइलीबद्दल. ऑक्सफर्ड-केंब्रिजला निवड करणारे लोक म्हणजे पुढे त्या विद्यार्थ्याला शिकवणारेच प्राध्यापक. केंब्रिजला दर आठवड्याला एक ते तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक अशी बैठक होते, तिला सुपरव्हिजन म्हणतात. समोरचा प्राध्यापक अर्ज वाचताना एवढंच पाहत असतो की, या मुलीबरोबर आठवड्याला तासभर गणितं सोडवायला बसलो तर तो तास कसा जाईल? ऑक्सफर्डला दरवर्षी २३,००० हून जास्त अर्ज येतात आणि जागा सुमारे ३,३०० असतात. या गर्दीत नव्वद टक्के गुण जवळपास सगळ्यांकडेच असतात. निवड होते ती विषयातल्या पकडीवर आणि विचार करण्याच्या पद्धतीवर. अमेरिकेच्या अर्जात नृत्य, समाजसेवा, नेतृत्व यांना जे स्थान आहे ते इथे नाही. भरतनाट्यमची विशारद असणं ही मोठी गोष्ट आहे, पण इंजिनिअरिंगच्या अर्जात तिला एक ओळ पुरे. तिच्या त्या जाड फाइलीतला एकच कागद खऱ्या अर्थानं कामाचा आहे, तो म्हणजे ठिबकचा प्रकल्प. त्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

तारखा, आणि त्याआधीच्या तारखा

केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या अर्जाची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, ब्रिटनच्या वेळेनं संध्याकाळी सहा. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. बाकीच्या विद्यापीठांना जानेवारीपर्यंत मुदत असते. घोटाळा होतो तो पुढच्या कारणानं: शिक्षकाचं शिफारसपत्र पूर्ण होईपर्यंत अर्ज पुढे सरकतच नाही. मुलगी सगळं भरून बसते आणि सहामाही परीक्षा, पेपर तपासणी, दिवाळीची सुट्टी यात शिक्षकांचा लॉगिन राहून जातो. म्हणून तुमची स्वतःची शेवटची तारीख ३० सप्टेंबर ठरवा आणि ती मुख्याध्यापकांनाही सांगून ठेवा.

दोनच विद्यार्थी असल्यामुळे शाळेनं यूकासचं केंद्र म्हणून नोंदणी केली नाही तरी चालतं. विद्यार्थी वैयक्तिक अर्ज करतो, त्यात तुमचं नाव व ईमेल देतो आणि तुम्हाला एक दुवा येतो. हा ईमेल शाळेच्या अधिकृत पत्त्याचा असावा. खासगी पत्ता दिला तर शिफारस खरोखर शाळेकडून आली का, अशी शंका घ्यायला जागा राहते.

प्रवेशपरीक्षेची नोंदणी तर यूकासच्याही आधी बंद होते. केंब्रिजच्या इंजिनिअरिंगला ईसॅट ही परीक्षा लागते. ती पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षा केंद्रात संगणकावर होते आणि ऑक्टोबरच्या फेरीची नोंदणी सप्टेंबरमध्येच संपते. ही नोंदणी विद्यार्थ्यानं स्वतः करायची असते, यूकासमध्ये अर्ज केला म्हणून ती आपोआप होत नाही. नोंदणी चुकली तर त्या वर्षीचा केंब्रिजचा अर्ज तिथेच संपतो, पुढे कितीही विनवण्या केल्या तरी. जवळच्या केंद्रातल्या जागा आधी भरतात, तेव्हा नोंदणी सुरू होताच ती करून टाका.

आपल्याकडच्या नावांचा गुंता आत्ताच सोडवा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मुलीच्या नावाला जोडलेलं, आधारवर तिसराच क्रम, हे घरोघरी आहे. यूकास, ईसॅट आणि पुढे व्हिसा, तिन्ही ठिकाणी पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाका. परीक्षा केंद्रावर ओळखपत्र आणि नोंदणी यातली नावं जुळली नाहीत तर आत सोडत नाहीत. पासपोर्ट नसेल तर या आठवड्यात अर्ज करायला लावा.

यूकास अर्ज गेल्यावर केंब्रिजकडून एक पुरवणी अर्ज ईमेलनं येतो आणि तो भरायला साधारण आठवडाच मिळतो. हा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडण्याची शक्यता असते. अर्ज गेल्या दिवसापासून रोज इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही पाहायला सांगा.

पाच जागा आणि एक निबंध

यूकासमध्ये पाच पर्याय भरता येतात. एकाच वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्ही भरता येत नाहीत. पाचही ठिकाणी तोच निबंध जातो, त्यामुळे तीन जागी इंजिनिअरिंग आणि दोन जागी बिझनेस असं मिसळलं की निबंध कुठलाच राहत नाही. एका विद्यापीठाला तुम्ही इतर चार कोणती भरली ते निर्णयापूर्वी दिसत नाही, म्हणून ‘केंब्रिजला वाईट वाटेल’ ही भीती नको. मुलीच्या यादीत केंब्रिज आणि लंडनचं इम्पिरियल कॉलेज या दोन अतिकठीण जागा असतील, तर उरलेल्या तिन्हींत अशी विद्यापीठं हवीत जिथे तिच्या वास्तव गुणांवर प्रवेश मिळेल आणि जिथे ती आनंदानं जाईल. केंब्रिजला पहिली दोन वर्षं सगळ्या शाखांचं एकत्र इंजिनिअरिंग असतं, इम्पिरियलला पहिल्या दिवसापासून मेकॅनिकल किंवा सिव्हिल अशी शाखा ठरलेली असते. तिला यातलं कोणतं हवं आहे, हे तिला विचारा. रँकिंगच्या यादीपेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

केंब्रिज हे अनेक कॉलेजांचं मिळून बनलेलं विद्यापीठ आहे. अर्ज एखाद्या कॉलेजकडे करता येतो किंवा कॉलेज न निवडताही करता येतो. यावर पालक महिनाभर घालवतात. एक संध्याकाळ पुरे.

मुलाबद्दल तातडीचा प्रश्न: त्याचं बारावीचं गणित कोणतं? सीबीएसईत ‘मॅथेमॅटिक्स’ आणि ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ असे दोन विषय आहेत. वाणिज्य शाखेतली पुष्कळ मुलं दुसरा घेतात, आणि ब्रिटनमधले गणित सक्तीचे असलेले अनेक अभ्यासक्रम तो गणित म्हणून धरत नाहीत. एलएसईचं अर्थशास्त्र हे गणितावर उभं आहे. त्याच्याकडे अप्लाइड असेल तर एलएसईच्या त्या अभ्यासक्रमाचं पान आज वाचा, आणि लागलं तर दिशा बदला: ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञान-राज्यशास्त्र-अर्थशास्त्र या एकत्रित अभ्यासक्रमाला गणित उपयोगी मानतात, पण सक्तीचं नाही. साधं गणित असेल तर टीएमयूए या गणिताच्या प्रवेशपरीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्याला लगेच द्या. दोन पेपर, प्रत्येकी २० प्रश्न आणि ७५ मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. दुसरा पेपर तर्कशुद्ध सिद्धतेचा असतो, आणि तो आपल्या मुलांना जड जातो, कारण ‘हे विधान पुरेसं आहे की आवश्यक’ असा प्रश्न आपल्या पुस्तकांत क्वचित येतो. एलएसई मुलाखत घेत नाही. त्यामुळे तिथे निबंधाला आणखी महत्त्व येतं.

पैशाचं बोलणं जुलैतच

परदेशी विद्यार्थ्याला केंब्रिजच्या इंजिनिअरिंगची नुसती शिकवणी फी वर्षाला ४०,००० पौंडांच्या वर जाते. त्यावर कॉलेजची वेगळी फी, राहणं-खाणं, आणि व्हिसाच्या वेळी दरवर्षी ७७६ पौंड या दरानं सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा आरोग्य अधिभार. अभ्यासक्रम चार वर्षांचा. एकूण आकडा अडीच लाख पौंडांच्या पुढे जातो. पदवीच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी पूर्ण शिष्यवृत्त्या फार थोड्या आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहे, पदवीसाठी नाही. प्रवेश पक्का करण्यापूर्वी केंब्रिजचं कॉलेज आर्थिक तरतुदीचा लेखी पुरावा मागतं. वडिलांनी बाग गहाण ठेवण्याचा विचार फेब्रुवारीत, हातात ऑफर असताना करायचा नाही. तेव्हा कुणाचंच डोकं थाऱ्यावर नसतं. जुलैत कागदावर आकडे मांडून घरात निर्णय होऊ द्या.

अंदाजित गुण

अर्ज ऑक्टोबरमध्ये जातो आणि बोर्डाचा निकाल मे महिन्यात लागतो. मधल्या सात महिन्यांत विद्यापीठाकडे असतो तो फक्त तुमचा अंदाज. केंब्रिज सीबीएसईच्या विद्यार्थ्यांकडून साधारणपणे पाच संबंधित विषयांत ए१, म्हणजे सर्वांत वरची श्रेणी, अशी अपेक्षा ठेवतं. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमाला त्यापलीकडेही एखादी पात्रता, जेईई अ‍ॅडव्हान्स्डसारखी, मागितली जाऊ शकते. म्हणून तिनं जेईई सोडू नये. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी अपेक्षा वेगळी असते. तुमच्या शाळेला ती लागू नाही, पण शेजारच्या ज्युनिअर कॉलेजात कुणी विचारलं तर सांगायला हवं.

आपल्या शाळांत सहामाहीचे पेपर मुद्दाम कडक तपासतात. सहामाहीत ७९ मिळालेल्या मुलीला बोर्डात ९४ मिळतात, हे तुम्हाला माहीत आहे, केंब्रिजला नाही. तुम्ही ७९ लिहून पाठवलेत तर अर्ज तिथेच थांबेल. दुसरीकडे, पालकांच्या आग्रहाखातर सरसकट ९८ लिहिलेत तर ऑफर मिळेल, मेमध्ये अट पूर्ण होणार नाही आणि मुलगी जूनमध्ये रिकाम्या हातानं बसेल. मधला रस्ता असा: गेल्या तीन वर्षांतल्या तुमच्या विद्यार्थ्यांचे विषयवार सहामाही गुण एका रकान्यात आणि बोर्डाचे गुण शेजारच्या रकान्यात लिहा. भौतिकशास्त्रात सरासरी फरक किती, गणितात किती, इंग्रजीत किती, ते काढा. वरच्या दहा विद्यार्थ्यांचा फरक वेगळा काढा, कारण ७५ वरून ९० वर जाणं आणि ९० वरून ९६ वर जाणं सारखं नाही. हा फरक मुलीच्या गुणांत मिळवा आणि वर्गातलं काम तो आकडा पेलतं का, हे स्वतःला विचारा. प्रत्येक विषयाचा अंदाज त्या-त्या शिक्षकानंच द्यावा. तक्ता फायलीत ठेवा. कुणी विचारलं तर आकडा कुठून आला ते सांगता येईल, आणि पालकांच्या आग्रहासमोरही तोच तुमच्या कामी येईल.

शिफारसपत्र

याचे तीन भाग असतात. पहिला शाळेबद्दल, दुसरा विद्यार्थ्याच्या अडचणींबद्दल, तिसरा विद्यार्थ्याबद्दल. सगळं मिळून स्पेससह ४,००० अक्षरं.

पहिल्या भागात बहुतेक शाळा माहितीपुस्तिकेतला मजकूर चिकटवतात: स्थापना, मैदान, मूल्यशिक्षण. ही जागा फार मोलाची आहे, ती वाया घालवू नका. वाचणाऱ्याला तुमची शाळा ठाऊक नाही. बारावी विज्ञानला किती विद्यार्थी, गेल्या तीन वर्षांत भौतिकशास्त्र आणि गणितात बोर्डाचे सरासरी आणि सर्वोच्च गुण किती, सहामाहीची तपासणी कडक असते का, ब्रिटनला याआधी कुणी अर्ज केला आहे का, ऑलिंपियाडची तयारी शाळेत होते का, हे साध्या वाक्यांत लिहा. वर्षाच्या मध्ये विषयशिक्षक बदलले असतील आणि दोन महिने वर्ग रिकामा गेला असेल तर तेही इथेच. ९४ टक्क्यांचा अर्थ या माहितीशिवाय कळत नाही.

दुसऱ्या भागात आजारपण, घरातला मृत्यू अशा गोष्टी येतात. विद्यार्थ्याची परवानगी घेऊनच लिहा. काही नसेल तर तो रिकामा ठेवा.

तिसऱ्या भागात ‘शिस्तप्रिय, आज्ञाधारक, मनमिळाऊ, कष्टाळू’ यातला एकही शब्द नको. हे आपण प्रेमानं लिहितो, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. त्याऐवजी वर्गात घडलेलं लिहा. उदाहरणार्थ: ‘घर्षणाचा धडा चालू असताना तिनं विचारलं की, चाक न घसरता फिरतं तेव्हा घर्षण काम करतं का. मी तिला विचार करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती स्पर्शबिंदूचा वेग शून्य असतो हे दाखवून स्वतःच उत्तर घेऊन आली, आणि उतारावर काय होईल हा पुढचा प्रश्नही.’ असे दोन खरे प्रसंग शंभर विशेषणांपेक्षा जड आहेत. तुमची वही, तिच्या उत्तरपत्रिका, प्रयोगवही चाळा, सापडतील. मग तुलना द्या: तुम्ही आजवर शिकवलेल्या एवढ्या विद्यार्थ्यांत ती पहिल्या कितींत बसते. खरी असेल तीच तुलना. गणिताच्या शिक्षकांकडून दहा ओळी लिहून घ्या. इंजिनिअरिंगसाठी त्यांचं मत तुमच्या मताइतकंच लागतं, आणि ते नसलं तर ती उणीव नजरेत भरते.

निबंध: ठिबकची नळी

२०२६ च्या प्रवेशांपासून यूकासचा निबंध तीन प्रश्नांत विभागला आहे. हाच विषय का? शिक्षणानं त्यासाठी कशी तयारी झाली? शिक्षणाबाहेर काय केलं आणि ते का उपयोगी? एकूण मर्यादा स्पेससह ४,००० अक्षरं, प्रत्येक उत्तराला किमान ३५०. आमच्या मते पहिल्या दोघांना प्रत्येकी सोळाशेच्या आसपास आणि तिसऱ्याला उरलेली जागा द्यावी. तिन्ही उत्तरं एकत्रच वाचली जातात, म्हणून एक गोष्ट दोनदा सांगायची नाही.

‘लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं’ हे वाक्य पहिल्या मसुद्यात असणारच. ते खोडा. आता प्रकल्पाकडे या. प्रदर्शनात तिनं बहुधा ‘पाणी वाचवा’ असं रंगीत मॉडेल केलं असेल. ते पुरेसं नाही, पण बाग घरचीच आहे आणि हातात तीन महिने आहेत. तिला एक मोजमाप करायला सांगा. ताशी ४ लिटरचा साधा ड्रिपर सहा मिनिटांत ४०० मिलिलीटर पाणी देतो. लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीच्या, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजपात्र ठेवून सहा-सहा मिनिटं पाणी धरायचं, प्रत्येक ठिकाणी तीनदा. समजा शेवटच्या ड्रिपरला ३०० मिलिलीटरच आलं. का? दोन कारणं असू शकतात: नळीतल्या घर्षणानं दाब उतरला, किंवा क्षार साचून ड्रिपरचं तोंड बारीक झालं. यातलं कोणतं, हे कसं ठरवायचं? बाहेरून बसवलेले ड्रिपर असतील तर पहिला आणि शेवटचा अदलाबदल करून पुन्हा मोजायचं. कमी पाणी ड्रिपरबरोबर पुढे आलं तर दोष ड्रिपरचा, जागेवरच राहिलं तर दाबाचा. दाबाचा असेल तर पुढे गणित येतं: साध्या छिद्रातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे पाणी पाऊणपट झालं याचा अर्थ दाब ५६ टक्क्यांवर आला. गेज लावून तो खरंच तेवढा आहे का ते पाहायचं, आणि नसेल तर का नाही यावर विचार करायचा.

हे सगळं निबंधात सहा-सात वाक्यांत बसतं. त्यात प्रश्न आहे, मोजमाप आहे, दोन शक्यतांमधली निवड आहे, आणि पुस्तकातला नियम प्रत्यक्षाशी कुठे जुळला आणि कुठे नाही हे आहे. सात ऑनलाइन कोर्सची नावं दिल्यानं यातलं काहीच दिसत नाही. कोर्स घालायचाच असेल तर एकच, आणि त्यातली कोणती कल्पना पटली नाही किंवा पुढे कुठे घेऊन गेली तेवढं.

तुम्ही मसुदा वाचून प्रश्न विचारा: ‘हे कशावरून?’, ‘मग पुढे काय केलंस?’ वाक्यं दुरुस्त करून देऊ नका. थोडं साधं, सतरा वर्षांच्या मुलीचं इंग्रजी चालतं. एआयकडून गुळगुळीत करून घेतलेलं नको. हे माझं स्वतःचं लेखन आहे, असं यूकासला लिहून द्यावं लागतं.

ईसॅट आणि जेईईची सवय

इंजिनिअरिंगसाठी ईसॅटचे तीन भाग: गणित १, गणित २, भौतिकशास्त्र. प्रत्येकी २७ बहुपर्यायी प्रश्न, ४० मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. म्हणजे एका प्रश्नाला सुमारे ८९ सेकंद. जेईईची मुलं हा अभ्यासक्रम पाहून निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. जेईई मेनमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, त्यामुळे शंका आली की सोडून द्यायची सवय हाडात भिनलेली असते. ईसॅटमध्ये उणे गुण नाहीत. एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. शेवटच्या मिनिटात उरलेल्या सगळ्यांना काहीतरी खूण करायची. दुसरं, अवघड प्रश्नावर चार मिनिटं झुंजायचं नाही. आकडेमोड टाळणारी वाट शोधायची: एकक तपासून दोन पर्याय बाद होतात, टोकाची किंमत घालून तिसरा.

सरावाला ईसॅटच्या आधीच्या एनगा आणि एनसा या परीक्षांच्या २०१६ ते २०२३ च्या प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. पहिल्या दोन वेळ न लावता, चुकांची वही ठेवून सोडवायच्या. नंतरच्या घड्याळ लावून. केंब्रिजमधूनच चालणारं आयझॅक सायन्स (पूर्वीचं आयझॅक फिजिक्स) हे संकेतस्थळही मोफत आहे, आणि सल्लागाराच्या सराव-पुस्तिकांपेक्षा कितीतरी चांगलं. इम्पिरियलच्या इंजिनिअरिंगलाही ईसॅट लागते. तिथे जानेवारीची फेरी चालते, केंब्रिजला ऑक्टोबरचीच लागते, आणि एका वर्षात परीक्षा एकदाच देता येते. दोन्हीकडे अर्ज असेल तर ऑक्टोबरच.

मुलाखत

डिसेंबरमध्ये, ऑनलाइन. कॅमेरा असलेला लॅपटॉप, शिवाय लेखणीनं लिहिता येईल असा टॅबलेट हवा, कारण आकृत्या आणि समीकरणं दोघांना दिसतील अशा फळ्यावर लिहावी लागतात. टॅबलेट उसना आणला तरी चालेल, पण पंधरा दिवस आधी आणा, हाताला सवय हवी. वीज किंवा इंटरनेट गेल्यास पर्यायी सोय शाळेत चांगली असेल तर मुलाखत शाळेतल्या बंद खोलीतून होऊ द्या.

प्रश्न न पाहिलेलाच येतो. उत्तर पाठ आहे का, हे त्यांना पाहायचं नसतं. अडल्यावर ती काय करते, सूचना दिली तर ती उचलते का, हे पाहायचं असतं. आपल्या मुलांना शांत बसून सोडवायची आणि उत्तर आल्यावरच बोलायची शिकवण मिळालेली असते. इथे तीच आड येते.

सराव तुम्हीच घ्या, आठवड्यातून एकदा, २५ मिनिटं. ठिबकवरचाच एक प्रश्न तुम्ही दिलात असं समजा: नळीच्या तोंडाशी प्रवाह पूर्ण आहे आणि समान अंतरावरच्या ड्रिपरमधून तो कमी होत शेवटी शून्य होतो. घर्षणानं होणारी दाबाची घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात धरली, तर सगळं पाणी शेवटपर्यंत नेणाऱ्या नळीच्या तुलनेत इथे घट किती? आधी तिला अंदाज करू द्या: निम्मी? त्यापेक्षा कमी? का? मग ती अंतरानुसार प्रवाह (१ − क्ष) धरेल, त्याचा वर्ग शून्य ते एक असा संकलित करेल आणि एकतृतीयांश येईल. इथे थांबू नका. घातांक दोनऐवजी १.७५ असेल तर? शेत उताराचं असेल तर नळी कोणत्या टोकाकडून भरावी? ती अडली की तीस सेकंद थांबा, मग अगदी लहान सूचना द्या, उत्तर नको. आलेख काढायला द्या: साइन क्ष भागिले क्ष, क्षच्या शून्याजवळ काय होतं, अनंताकडे काय होतं. पहिले दोन सराव मराठीत घ्या. मोठ्यानं विचार करण्याची सवय आधी लागू दे, मग तीच गोष्ट इंग्रजीत येते. दोन्ही एकदम शिकवायला गेलं की मूल गप्प होतं. शेवटचे दोन सराव तिला न ओळखणाऱ्या शिक्षकाकडून करून घ्या.

केंब्रिजचा निर्णय जानेवारीच्या अखेरीस येतो. कधी अर्ज ‘पूल’मध्ये जातो, म्हणजे एका कॉलेजला जागा नसली तरी अर्ज चांगला वाटल्यामुळे तो इतर कॉलेजांपुढे ठेवला जातो. ऑफर वेगळ्याच कॉलेजकडून आली तर घाबरायचं कारण नाही, पदवी तीच. ऑफरमधली अट शब्दशः वाचा: एकूण टक्केवारी मागितली आहे की विषयवार, आणि कोणते पाच विषय. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मागितली तर केंब्रिजला एकूण ७.५ आणि प्रत्येक विभागात किमान ७ लागतात. बोर्डाची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये ती देता येते. नकार आला तरी उरलेल्या चार ठिकाणचे अर्ज जिवंत असतात आणि जेईई मेनची पहिली फेरी त्याच सुमाराला होते, म्हणून डिसेंबर-जानेवारीचं वेळापत्रक तिच्याबरोबर नोव्हेंबरमध्येच बसून आखा.